बिलाच्या पाठीवर

वरच्या खोलीत परवा राहायला आलीस
आणि जिन्यातूनच विचारलंस,
काका, इथं खायला-बियला काय चांगलं मिळतंय?
तोंडात पान होतं, नुसती मान हलवली.
आज लिहितोय, लाईट बिलाच्या पाठीवर.
चाळीस वर्षं या शहापुरात पाट्या रंगवल्या.
हात थरथरतो आता,
पण काना अजून सरळ उतरतो, बघ.

पाट्यांवर मात्र जाऊ नकोस.
सगळ्या फ्लेक्सच्या झाल्यात,
एका उन्हाळ्यात पांढऱ्या पडतात.
तू नाकानं जा.

कोपऱ्यावर खवा करपल्यासारखा वास येईल.
करपत नसतोय तो, कुंदा होत असतोय.
भरमाण्णा सराट्याला टेकून उभा असेल,
गुरं राखणारा काठीला टेकतो तसा.
सकाळी जाशील तर रंग कच्च्या विटेचा.
चारनंतर जा, वीट भाजली की.
पाव किलो माग, तीनशे ग्रॅम देईल,
आणि काट्याकडं बघितलंस तर रागावेल.

मांडे हवे असतील तर आदल्या दिवशी सांगायचं,
बसलिंगव्वाच्या खिडकीतून.
तिच्या दारावर पाटी नाही, कधी नव्हतीच.
फुकट रंगवून देतो म्हणालो होतो.
"यातक्क?" म्हणाली,
"पाटी वाचून आलेलं माणूस
हातात धरताना मांडा मोडतंय."

दस्तगीरच्या दुकानावर 'बांगड्या' लिहिताना
माझा अनुस्वार राहिला. एक्क्याऐंशी साल.
उन्हात शिडीवर होतो, खाली उतरल्यावर दिसलं.
डबा घेऊन पुन्हा चढायला लागलो तर म्हणाला, राहू दे.
मग रोज कुणीतरी चूक दाखवायला यायचं
आणि डझनभर घेऊन जायचं.
आता पोरानं नवा बोर्ड लावलाय,
टिंब जाग्यावर आहे,
दाखवायला कुणी येत नाही.
तू जा. हिरव्या घे, काचेच्या.

एका वर्षी हुकूम आला,
मोठी अक्षरं कन्नड पाहिजेत.
मला तर एक येत नव्हतं.
दिवसभर माझंच मराठी मी घासून काढायचो,
रात्री बसलिंगव्वाचा नातू पाटीवर गिरवून घ्यायचा.
तेव्हा कळलं,
आपली अक्षरं दांडीवर वाळत घातलेली,
त्यांची मांडी घालून जेवायला बसलेली.
मोर्चा निघाला की दोन्हीकडचे विचारायचे,
हे पुसलं कुणी? हे लिहिलं कुणी?
मीच की.
हजेरी दोन्हीची घेतलीय.

गणपत गल्लीत भाजीला लवकर जा.
खेड्यातल्या बायका सातला पाट्या उतरवतात,
या पाट्या वेगळ्या, डोक्यावरच्या.
"ह्यांग अव्वा?" एवढं म्हण,
पुढची घासाघीस मराठीत कर.
त्या एका शब्दाचे पाच रुपये सुटतात.
वांगी काटेरी असतील तीच घे.

साडी आईला न्यायची असेल
तर काचेच्या दुकानात शिरू नकोस.
मागच्या बोळात खटखट ऐकू येते तिथं वळ,
एकच माग उरलाय हातावरचा.
विठोबा उपरी धोटा थांबवत नाही,
तू बोल, तो काठ संपला की उत्तर देईल.
घाईची असशील तर नकोच जाऊ.

आणखी एक. हे खायचं नाही, विकतही मिळत नाही.
सांगलीची आठवण झाली, होतेच पहिल्या महिन्यात,
तर संध्याकाळी कपिलेश्वराजवळच्या पुलावर जा.
खालून मिरजेकडची गाडी जाते.
मी तिकडं कधी गेलो नाही राहायला,
तरी गाडी गेल्यावर थोडा वेळ
उगीच उभा राहतो.
खाली उतरलीस की डाव्या हाताला चहा आहे,
आलं जास्त घालतोय, सांगितलं तरी कमी करत नाही.

कागद हरवू नकोस.
वाचून झाला की जिन्यात खिळ्याला अडकव,
पलीकडच्या बाजूला
पंधरा तारीख आहे भरायची.